मातीच्या घोड्यावर व्यंकोबारावांचे आक्षेप

मुलांचं गोष्टीचं पुस्तक वाचलं की व्यंकोबाराव अंघोळ करीत.

हातपाय धुणं नव्हे. विहिरीवर जाऊन, डोक्यावरून, शेंडीसकट. भर दुपारी राव ओल्या पंच्यानं घराकडे निघालेले दिसले की गल्लीतल्या बायका समजायच्या, कुणाच्या तरी पोराचं पुस्तक हाती लागलं. मुलांचं साप्ताहिक शुक्रवारी यायचं, म्हणून शुक्रवारची ही दुसरी अंघोळ ठरलेली. दिवाळीला जाडजूड अंक निघत. दर दिवाळीला राव सर्दीनं आजारी.

पुस्तक ते घरात नेत नसत. तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या कट्ट्यावर बसून वाचायचे, आणि पान उलटायला उजवा हात लावायचे नाहीत. पण एक ओळ सोडतील तर शपथ. मी एकदा विचारलं, "राव, एवढा विटाळ आहे तर वाचता कशाला?"

"अरे मानाजी, न चाखता आमटी खारट म्हणू काय?"

मानाजी म्हणजे मी. जातीनं नि धंद्यानं शिंपी. कुंभकोणात विठोबाच्या देवळामागे आमची मराठी माणसांची गल्ली आहे, तिथं माझं घर नि तिथंच मशीन. तिसरीपर्यंत शाळा झाली, पुढे बापानं हातात सुई दिली. आमची बोली जुनी आहे, तिच्यात तमिळ मिसळलेलं आहे. पुण्याकडचा माणूस ऐकून हसतो. हसू दे. मी लिहितो आहे रावांबद्दल, पण माझ्या बायकोला, सगुणेला, वगळून ते लिहिता येणार नाही. ती गेली. तेव्हापासून सदऱ्यांची काजं मीच करतो. वाकडी होतात.

व्यंकोबाराव विठोबाच्या देवळातले पुराणिक. उंच, वाळके, कानांत केसांचे झुपके, आणि आवाज मात्र घंटेसारखा. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारलेली, मूलबाळ नाही. रोज दिवेलागणीला पोथी सांगायची, हे त्यांच्या बापाचं नि आज्याचं काम. पोथीत लिहिलंय त्यापलीकडे एक अक्षर नाही. एका पानाचा कोपरा उंदरांनी खाल्ला होता, त्यात चार अक्षरं गेली. ती काय होती हे देवळातल्या आंधळ्या म्हातारीलासुद्धा पाठ होतं. पण राव तिथं आले की थांबायचे, चार अक्षरांइतका वेळ गप्प राहायचे, मग पुढे जायचे. कुणी मागून सांगितलं तर रागवायचे. "पानावर आहे काय? नाही. मग मी कुठून आणू?"

असा माणूस. त्याच्यापुढे ही रंगीत पुस्तकं आली.

त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि खरं सांगतो, मला ते कधी खोडता आलं नाही. "पुराणात राक्षस नाहीत काय? आहेत. डोंगर उडतात, पाखरं बोलतात, समुद्र वाट देतो. पण प्रत्येकाच्या मागे हुकूम आहे. कुणी तप केलं, कुणाला वर मिळाला, कुणाला शाप बाधला. आणि इथं बघ. एक पोरगा टोपी घालतो नि दिसेनासा होतो. तप? नाही. वर? नाही. नुसती टोपी! हुकूम कुणाचा?"

टोपीचं नाव निघालं की माझ्याकडे रोखून बघायचे, मीच ती शिवली असल्यासारखं.

दुसरा आक्षेप फलश्रुतीचा. पोथी संपली की ती ऐकून काय मिळेल ते शेवटी सांगितलेलं असतं. निपुत्रिकाला पुत्र, रोग्याला आरोग्य, हरवलेल्याला वाट. "ह्या पुस्तकांच्या शेवटी काय असतं, सांग. साबणाची जाहिरात!"

पोरांना ते वाटेत अडवून विचारायचे, "काय रे, हे वाचून काय मिळतं?" पोरं आजोबांना सांगावं तसं सरळ सांगत, "मजा मिळते, ताता." राव कपाळाला हात लावायचे.

मग त्या घोड्याच्या गोष्टीचा सिनेमा निघाला.

गोष्ट आधी साप्ताहिकात आली होती, मग तिचं पुस्तक झालं. एक कुंभाराची पोर. एक मांत्रिक तिचा आवाज चोरतो, तांब्याच्या हंड्यात कोंडतो आणि नदीपलीकडे नेऊन ठेवतो. पोर मुकी होते. तिच्या गावाबाहेर ऐयनार देवाचे मातीचे घोडे उभे असतात, आमच्याकडे गावोगाव असतात तसेच, माणसाहून उंच, डोळे वटारलेले. त्यातला एक, कान फुटका असलेला, तिच्यासाठी जिवंत होतो. ती त्याच्यावर बसते आणि आवाज शोधायला निघते.

राव ते वाचून दोनदा अंघोळ करून आले.

"मानाजी, हे घोडे देवाचे. ऐयनार रात्री त्यांच्यावर बसून गावाची राखण करतो. होय की नाही?"

"होय की."

"आणि ही पोर रात्रीचा घोडा घेऊन जाते. मग त्या रात्री राखण कुणी केली? देव पायी फिरला काय?"

 हाच सवाल त्यांनी साऱ्या गल्लीला घातला. राव चालत इन्नंबूरच्या वाटेवरच्या ऐयनाराकडे गेले. तिथला पुजारी कुंभारच असतो, घोडे तोच घडवतो. राव त्याला म्हणाले, "तुमच्या देवाच्या वाहनाचा सिनेमा केला आहे. तुम्ही हुकूम दिलात काय?" कुंभार खूश झाला. म्हणाला, "सामी, सिनेमावाल्यांना घोडा आम्हीच तर करून दिला! तुम्हालाही एखादा पाहिजे काय?"

राव आले ते उन्हानं लाल होऊन. पण हरले नाहीत. त्यांनी दुसरा विचार काढला. पडद्यावर देवाचं वाहन येणार, तर निदान लोकांनी जोडे बाहेर काढून आत जावं. थेटराच्या दाराशी उभे राहून ते एकेकाला सांगू लागले. पोरांना काही अडचण नव्हती, पोरांच्या पायांत होतंच काय? पण मोठी माणसं लाजेकाजेस्तव जोडे काढू लागली. देवाचं नाव घेतल्यावर कोण नाही म्हणतो! पहिल्याच दिवशी कचेरीतल्या एका साहेबाचे नवे कोरे बूट गेले. साहेब अनवाणी घरी गेला, जाताना रावांना जे बोलला ते मी लिहीत नाही. राव मला म्हणाले, "बघितलंस? सिनेमा पाहिला की माणसाची भाषा अशी होते."

मी पोट धरून हसलो. घरी येऊन सगुणेला सांगितलं. तीही हसली, पण हसता हसता तिनं पोट धरलं ते वेगळ्या कारणानं.

त्याच महिन्यात ती अंथरुणाला लागली. पोटात गाठ. डॉक्टरनं हात लावून पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. बाहेर बोलावतात तेव्हा काय ते कळतंच.

तिचं अंथरूण मी रस्त्याकडच्या खिडकीखाली घातलं. तिथून तिला गल्ली दिसायची आणि माझं मशीनही. गल्लीतल्या सगळ्या बायका सिनेमा पाहून आल्या. एकटी हीच राहिली. बायका खिडकीशी येऊन सांगायच्या, पण सांगायच्या कशा? कुणी गाणं म्हणून दाखवी, कुणी नटीच्या लुगड्याचे काठ सांगे, एकीला तर मध्येच झोप लागली होती.

"मला आरंभापासून कुणी सांगेना," सगुणा कुरकुरायची. "घोडा जिवंत झाला म्हणतात. कसा झाला? आधी कान हलला की शेपूट?"

मला काय ठाऊक! मला तमिळ वाचता येतं ते दुकानाच्या पाटीपुरतं, आणि तिला सोडून सिनेमाला मी जाणार नव्हतो.

आता एक सांगायला हवं. रावांच्या पोथीला एके काळी देऊळ भरायचं. मग सिनेमाची थेटरं झाली, पुस्तकं आली, संध्याकाळी माणसं तिकडे वळली. एकेक करून सगळी गेली. शेवटी उरली होती सगुणा. खांबाला टेकून, मांडीवर माझ्या सदऱ्याची काजं करीत ती ऐकायची. राव तिच्याकडे बघून सांगायचे असं नाही, समोर शंभर माणसं असल्यासारखे सांगायचे. पण होती ती एकटी. ती अंथरुणाला लागल्यावर दोन संध्याकाळी रावांनी रिकाम्या देवळात पोथी सांगितली म्हणे. मग एक दिवस ते आमच्या तिण्णैवर येऊन बसले, खिडकीच्या गजांना पाठ लावून. जुन्या वळणाचा ब्राह्मण, शिंप्याच्या घरात कसा येईल? पण तिण्णै ही घरातही नाही नि बाहेरही नाही.

"कसं आहे, सगुणाबाई?"

"आहे की. राव, त्या घोड्याची गोष्ट सांगावी."

"रामराम! दुखणाइताच्या कानात ते पाप घालू?"

"मग नको. गोष्ट नको." ती खिडकीकडे कुशीवर वळली. "दोष सांगावे. साऱ्या गल्लीला सांगता, मलाच तेवढे सांगितले नाहीत."

राव सरसावून बसले. "दोष किती म्हणून सांगू, बाई!"

"पहिल्यापासून सांगावे. एकेक. मला काही घाई नाही."

मी मशीनवर होतो. मान खाली घालून शिवत राहिलो. पस्तीस वर्षं संसार केला, ही बाई कुठून कशी वाट काढते ते मला ठाऊक होतं. रावांना नव्हतं.

"पहिला दोष पहिल्याच पानावर," राव म्हणाले. "कुंभाराची पोर. आई नाही, बाप दारू पितो."

"अय्यो! आई कशानं गेली?"

"ते दिलेलं नाही. हाही दोषच."

असा तो सिनेमा आमच्या खिडकीत सुरू झाला. रोज दुपारी राव यायचे. दोष दाखवायचा तर आधी काय घडलं ते सांगणं भाग होतं, आणि रावांना अर्धवट सांगणं ठाऊक नव्हतं. आवाज चोरला तो कसा चोरला, हंडा केवढा होता, मांत्रिकाच्या पागोट्यात काय होतं. तमिळ पुस्तक, पण सांगायचे आपल्या बोलीत, आणि सांगता सांगता पोथीची चाल लागायची. सगुणा मधून आठवण द्यायची, "आणि ह्यात दोष काय?" राव दचकून सांगायचे, "हां. दोष असा की..."

घोडा जिवंत झाला त्या दिवशी आधी कान हलला. फुटका कान. राव स्वतःचा कान हलवून दाखवीत होते, खरंच हलत होता, झुपक्यासकट. सगुणा खोकला येईपर्यंत हसली. मग घोडा खिंकाळला, म्हणजे राव खिंकाळले, आणि समोरच्या घरातून कुणीतरी दार उघडून पाहिलं. माझा पाय मशीनवर थांबला होता तो मलाच कळला नाही. देवाच्या राखणीचा आक्षेप त्या दिवशी निघालाच नाही.

पुढे पुढे आक्षेप विरळ झाले. जंगल झालं, वाळवंट झालं. घोडा नि पोर नदीशी येऊन पोचली. पलीकडे हंडा, त्यात आवाज. राव थांबले, उद्या सांगतो म्हणाले.

सगुणा गजांतून म्हणाली, "राव, आज दोष एकही सांगितला नाहीत की."

तिनं थट्टेनं म्हटलं होतं. रावांचा चेहरा पडला. ते उठले, उपरणं झटकलं आणि निघून गेले.

त्याच संध्याकाळी तिला कळ आली. आजवर आली नव्हती अशी. कंपाउंडरनं येऊन सुई टोचली तेव्हा कुठे डोळा लागला. गल्लीला कळलं तसं रावांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन.

"घोडा कुठे आहे, राव?" सगुणेचा आवाज आता बारीक झाला होता.

"तो खेळ पुरे झाला, बाई. आता हे ऐकायचं."

"हे ऐकते की. पण नदीशी आणून सोडलात. घोडा मातीचा. पाण्यात कसा उतरेल? विरघळणार की. एवढंच सांगावं."

राव गज धरून बसले होते. "सगुणाबाई, अंतकाळी मनात जे असतं तशी गती होते. पुराणात एक राजा मरताना हरणाचा विचार करीत गेला, तो हरिणीच्या पोटी आला. तुमच्या मनात मी घोडा घालू?"

अंतकाळ. हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी काढला नव्हता. डॉक्टरनं नाही, मी नाही, तिनं नाही. रावांनी काढला.

मशीनचं चाक माझ्या हातात तसंच राहिलं. सगुणेनं आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"घोडी होईन की मग," ती म्हणाली. "बरंच झालं. हे जन्मभर पायी फिरले, आता बसतील माझ्या पाठीवर."

राव हसले नाहीत. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "हसण्यावारी नेऊ नका, बाई. हात जोडतो. विठोबाचं नाव घ्या."

"घेते हो. रडू नका. तुम्ही वाचा."

तिनं त्यांच्यासाठी मान्य केलं. मला दिसलं ते.

मी संतापलो होतो. गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर नदीचं पुढे काय झालं ते कळलं असतं. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "नको. दुसऱ्याच्या तोंडून नको. आरंभ रावांनी केला, शेवटही तेच करतील. थांबेन मी." कशाच्या जोरावर म्हणाली कुणास ठाऊक.

मी रावांना वाटेत गाठलं. "एका वाक्याचं काम आहे, राव. घोडा विरघळतो की नाही?"

"मानाजी, तुला ती हवी की तिची गती?"

"मला ती हवी."

रावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "ते माझ्या हातात नाही रे. गती थोडीफार आहे."

मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. राग गेला असंही नाही.

ती एका सकाळी गेली, राव पोथी वाचत असताना. शेवटचं तिच्या कानात पडलं ते विठोबाचं नाव. ओठही हलले. रावांनी जे सांभाळायचं म्हटलं होतं ते सांभाळलं. खिडकीबाहेर कढिलिंब विकणारी ओरडत होती, मी तिला हातानं गप्प केलं.

तिच्या जागी दिवा लावला. आमच्यात म्हणतात, गेलेलं माणूस दहा दिवस घरातच असतं. दिसत नाही, पण ऐकतं. म्हणून त्या दिवसांत घरात गरुडपुराण वाचतात, पुढची वाट कशी आहे ते त्याला कळावं म्हणून. राव वाचायला आले. माझी लेक सेलमहून आली होती, तिनं त्यांना तिण्णैवर पाट मांडला. राव म्हणाले, "बाहेरून नको. दिव्यासमोर मांड." आणि आत आले. माझ्या घरात ते पहिल्यांदा आले ते असे.

गरुडपुराण मऊ नाही. तापलेल्या वाळूची वाट येते, काटे येतात. राव वाचत राहिले, आम्ही बापलेक ऐकत राहिलो. मग वैतरणी आली. रक्ताची, पुवाची नदी. नाव नाही, नावाडी नाही. मेलेल्यानं ती एकट्यानं ओलांडायची.

तिथं रावांचा आवाज बसला. घसा खाकरला, पुन्हा ओळ धरली, पुन्हा बसला. त्यांनी पोथी मिटली आणि फडक्यात नीट बांधली. मला वाटलं, आज इथंच थांबतात.

ते दिव्याकडे बघून म्हणाले, "सगुणाबाई, आपण नदीशी थांबलो होतो."

लेक माझ्याकडे बघू लागली. राव मान न वळवता मला म्हणाले, "अंतकाळ झाला, मानाजी. नीट पार पडला. आता घोडा मनात आला तरी बाधा नाही."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"तर बाई, घोडा नदीच्या काठी उभा. पोर रडते आहे, आवाज नाही, नुसतं पाणी डोळ्यांतून. तिलाही तीच भीती, जी तुम्हाला होती. घोडा म्हणाला, बस पाठीवर, डोळे मिटून घे. आणि उतरला. पाणी गुडघ्याला आलं. पोटाला आलं. मानेला आलं. पोरीनं मानेला मिठी घातली. आणि बाई, माती काही सुटली नाही. कुंभारानं भट्टीत पक्की भाजली होती ती. एक कण सुटला नाही. पलीकडे घोडा वर आला, अंग झटकलं, फुटका कान हलवला. पोर कोरडी. लुगड्याचा काठसुद्धा भिजला नाही. हंडा फुटला, आवाज मिळाला. तिनं पहिली हाक घोड्यालाच मारली. सगळं मिळालं, बाई. काही राहिलं नाही."

आक्षेप एकही नाही. त्यांनी दिव्याला नमस्कार केला, पोथी काखेत मारली आणि गेले. लेक पदर तोंडाला लावून रडत होती. मी रडलो नाही. मला वाटलं, चला, तिला कळलं एकदाचं.

वर्ष उलटल्यावर तोच सिनेमा गावात पुन्हा आला, दुसऱ्या थेटरात. रविवारी दुपारचा खेळ होता. मी एकटा गेलो. मला नटी बघायची नव्हती, गाणी ऐकायची नव्हती. घोडा पाण्यातून वर येतो तेवढं डोळ्यांनी बघायचं होतं. तिच्या वतीनं, असं म्हणा.

नदी आली. घोडा उतरला. पाणी गुडघ्याला आलं आणि पाय गेले. पोटाला आलं आणि पोट गेलं. पाणी लाल झालं मातीनं. घोडा तरी पोरीला पुढे लोटत होता, मान उरली होती तोवर. पोर पलीकडे पोचली तेव्हा तिच्या हातात नुसता फुटका कान होता. सगळं थेटर हुंदके देत होतं. पुढचं मी पाहिलं नाही. माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर आलो.

समोरच्या विड्याच्या पानांच्या दुकानाच्या पायरीवर व्यंकोबाराव बसले होते. अलीकडे ते कुणाला जोडे काढायला सांगत नसत, नुसते येऊन बसत.

मी म्हटलं, "राव, तुम्ही सांगितलंत तसं नाही ते. सिनेमावाल्यांनी गोष्ट बदलली काय?"

"नाही. पुस्तकातही विरघळतो."

"मग?"

राव पायरीवरचा पानाचा देठ उचलून बोटांत फिरवू लागले. 

"तिच्यापुढे वैतरणी होती, मानाजी," ते म्हणाले. "निघालेल्या बाईला मी काय सांगून पाठवू? वाहन बुडतं म्हणून?"

ते थोडे सरकले. मी त्यांच्या शेजारी बसलो. आत पोरं अजून रडत होती, ती रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.